वेरुळ ते इंदू मिल : शिल्पकार राम सुतार

नांदेड-लातूर परिसरातील कितीतरी गावांत बुद्धविहारासमोर बाबासाहेबांचा पुतळा उभा आहे. लोकवर्गणीतून उभारलेल्या त्या पुतळ्यापुढे आपण नतमस्तक होतो. पण तो घडविणारा कोण, हे विचारण्याची आपल्याकडे रीत नाही. दादरच्या इंदू मिलच्या जागेवरील बाबासाहेबांच्या ३५० फुटी पुतळ्याचे शिल्पकार राम वनजी सुतार यांची उमेदीची चार वर्षे मराठवाड्यात गेली, हेही फार थोड्यांना ठाऊक असेल.

त्यांचा जन्म १९ फेब्रुवारी १९२५ रोजी धुळे जिल्ह्यातील गोंदूर येथे झाला. घरचा व्यवसाय आडनावातच आहे. श्रीराम कृष्ण जोशी या शिक्षकांनी मुलाचा हात ओळखला आणि त्याला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची वाट दाखविली. १९५३ मध्ये तेथे त्यांना मेयो सुवर्णपदक मिळाले.

१९५४ ते १९५८ या काळात पुरातत्त्व विभागाच्या सेवेत राहून त्यांनी अजिंठा-वेरुळच्या भग्न शिल्पांची डागडुजी केली. हे काम वरवर दुय्यम वाटते. परंतु तुटलेला हात जोडायचा, तर मूळ कारागिराने खांदा कसा तोलला होता हे आधी उमगावे लागते आणि आपली शैली पूर्णपणे झाकावी लागते. वेरुळच्या दहाव्या लेण्यात, म्हणजे बौद्ध चैत्यगृहात, छताला लाकडी तुळयांसारख्या दगडी फासळ्या कोरल्या आहेत. म्हणून लोक त्याला ‘सुतार का झोपडा’ म्हणतात. सुतारांच्या या मुलाला याहून योग्य पाठशाळा कोणती मिळाली असती?

१९५९ मध्ये सरकारी नोकरी सोडून त्यांनी स्वतंत्र व्यवसाय पत्करला. गांधीसागर धरणावर त्यांनी ४५ फुटी चंबळमाता काँक्रीटमध्ये घडविली. त्यांनी साकारलेले गांधीजींचे अर्धपुतळे अनेक देशांत पोहोचले. युरोपात रोदँ, मेदार्दो रोस्सो यांनी ओल्या मातीवरचे बोटांचे ठसे तसेच ठेवून प्रकाशाचा क्षणिक खेळ पकडला. त्यालाच शिल्पातील दृक्प्रत्ययवाद म्हणतात. सुतारांचा मार्ग वेगळा होता. दुरून पाहणाऱ्या सामान्य माणसाने चेहरा तत्काळ ओळखावा, हा त्यांचा आग्रह असे.

ही ओळख साधणे कठीण असते. सरदार पटेलांच्या १८२ मीटर उंच पुतळ्यासाठी आधी ३, मग १८ आणि नंतर ३० फुटांचे नमुने झाले. ३० फुटी नमुन्यातील एका इंचाची चूक मूळ पुतळ्यात सुमारे २० इंचांची होते! ब्राँझचे बाह्यावरण चीनमधील ओतशाळेत तयार झाले. चेहऱ्याचा निर्णय मात्र नोएडातील कार्यशाळेत, मातीतच झाला होता.

महाराष्ट्रात पुतळा उभारण्यापूर्वी मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. पुष्कळ समित्या हा टप्पा केवळ कागदोपत्री सोपस्कार समजतात. वस्तुतः त्याच वेळी बाबासाहेबांना प्रत्यक्ष पाहिलेल्या वृद्धांना नमुन्यासमोर बसवावे आणि भिवई, हनुवटी, चष्म्यामागची नजर यांविषयी त्यांचे मत घ्यावे. अशी माणसे आता फार थोडी उरली आहेत.

डिसेंबर २०२५ मध्ये, शंभरी ओलांडल्यानंतर, सुतारांचे नोएडा येथे निधन झाले. इंदू मिलवरील पूर्ण पुतळा त्यांना पाहता आला नाही. ते काम आता त्यांचे पुत्र अनिल सुतार यांच्या हाती आहे.