कारागिराची वही आणि संगणकाचा पहारेकरी

शहापूर म्हटले की जुन्या पिढीच्या डोळ्यांपुढे लुगडी उभी राहतात. बेळगावास खेटून वसलेले हे गाव १९४८ साली संस्थाने विलीन होईपर्यंत सांगलीच्या पटवर्धनांच्या संस्थानात मोडत असे, आणि येथील विणकरांच्या हातचे लुगडे सीमाभागातील घरोघरी ठाऊक होते. अलीकडच्या काळात मात्र शहापुराच्या शेजारी उद्यमबाग वाढली. फौंड्र्या आल्या, लेथ आणि मिलिंगची यंत्रे आली, आणि कित्येक विणकरांची व शेतकऱ्यांची मुले सकाळी सायकलीवरून, पुढे मोटरसायकलीवरून, तिकडे जाऊ लागली. त्यांत आपली ख्रिस्ती मुलेही पुष्कळ आहेत.

या कारखान्यांतील जुन्या मिस्त्रींच्या खिशात एक लहानशी वही असावयाची. तेलाचे डाग पडलेली, कोपरे दुमडलेली. तिच्यात त्या मनुष्याचे सारे आयुष्य साठविलेले असे. लोखंडी गोल सळईचे वजन कसे काढावे? मिलिमीटरमधील व्यासाचा वर्ग करून त्यास १६२ ने भागावे, म्हणजे एका मीटरचे किलो निघतात. २५ मिलिमीटरची सळई असेल तर ६२५ भागिले १६२, म्हणजे ३.८६ किलो. लेथवर ५० मिलिमीटर व्यासाचा जॉब दर मिनिटास ३० मीटर वेगाने कापावयाचा तर किती फेरे ठेवावेत? सुमारे १९१. असली गणिते ज्याला येतात त्याला मालकाकडे मान असतो, आणि म्हणूनच तो ती वही सहसा कोणास दाखवीत नसे. हाताखालच्या पोराने डोकावून पाहिले तर वही मिटली जाई. यात त्या बिचाऱ्यांचा दोष होता असे मला वाटत नाही. पोटाचा प्रश्न होता.

आमच्या धर्मग्रामातील एका तरुण टर्नरने ही रीत मोडली. त्याची हकीकत मी त्याच्या संमतीने येथे देत आहे. आणि तो माझ्याकडे पापनिवेदनासाठी नव्हे तर हातात लॅपटॉप घेऊन आला होता, हेही आरंभीच सांगून ठेवतो.

या तरुणाने आपल्या मिस्त्रीकडून शिकलेली आणि स्वतः पडताळून पाहिलेली गणिते संगणकावरील एक्सेलच्या पानांत बसविली. व्यास भरला की वजन दिसते, धातू निवडला की फेरे दिसतात. त्यातील सर्वांत कौतुकाचे पान गिअरचे दाते कापण्याचे. मिलिंगवर डिव्हायडिंग हेड नावाचे जे साधन असते त्याची मूठ चाळीस वेळा फिरविली म्हणजे जॉब एकदा फिरतो. तेव्हा २८ दाते हवे असतील तर ४० भागिले २८, म्हणजे एक पूर्ण फेरा आणि वर तीनसप्तमांश. हा तीनसप्तमांश मोजावा कसा? २१ छिद्रांच्या वर्तुळावर नऊ छिद्रे पुढे जावे. पिन ज्या छिद्रात आहे ते छिद्र मोजावयाचे नसते, आणि नवशिका नेमके तेच मोजतो व अठ्ठाविसाव्या दात्याशी येऊन जॉब वाया घालवितो. आमच्या तरुणाने ही सूचनासुद्धा लाल अक्षरांत लिहून ठेवली होती. दात्यांची संख्या भरून एक कळ दाबली की कोणते वर्तुळ घ्यावे, किती छिद्रे जावे, हे सारे छापून येई. ती कळ काम करावी म्हणून त्याने मॅक्रो लिहिला होता. मॅक्रो म्हणजे कागदपत्राच्या पोटात दडलेली आज्ञांची यादी. कळ दाबली की संगणक त्या आज्ञा ओळीने पाळतो. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढील सारे रामायण तिच्यामुळे घडले.

मालकाच्या गिऱ्हाइकांची नावे आणि दर काढून टाकून त्याने ही फाईल इंटरनेटवर ठेवली, कोणीही फुकट उतरवून घ्यावी म्हणून. ओळखीच्या लोकांना फोनवरून पत्ताही पाठविला. पहिले काही दिवस शाबासकी मिळाली. मग निपाणीकडील एका वर्कशॉपात ती उघडली असता संगणकाच्या अँटिव्हायरसने लाल पाटी दाखविली आणि फाईल परस्पर उचलून अडकवून ठेवली. तेथील वयस्क मिस्त्रींनी, कोणतेही वाईट मनात न आणता, चार जणांना कळविले की अमक्याच्या फाईलमध्ये व्हायरस आहे, उघडू नका. चारांचे चाळीस झाले. आठवड्याभरात बातमीचे रूप पालटून असे झाले की अमका लोकांच्या संगणकातून बँकेचे आकडे चोरतो. त्याच्या मालकाच्या कानी ही गोष्ट गेली, तेव्हा त्याला ऑफिसातील संगणकास हात लावू नको असे सांगण्यात आले. घरी आई दोन दिवस जेवली नाही.

"फादर, तुम्हीच बघा, यात काय आहे ते," असे म्हणून तो बसला. मला त्यातले पुरते कळत होते असे नाही. परंतु मनुष्याच्या नावाचा प्रश्न होता, म्हणून मी वाचले, जाणकारांस विचारले, आणि जे समजले ते असे.

पहारेकरी तीन रीतींनी ओळख पटवितो. पहिली रीत पोलिसांकडील बोटांच्या ठशांसारखी. पूर्वी सापडलेल्या व्हायरसांच्या खुणा त्याच्या दप्तरी असतात. तीच खूण दिसली की पकडावे. दुसरी रीत अंदाजाची. ही फाईल उघडताच आपोआप काही चालवू पाहते काय, दुसऱ्या फायली लिहू पाहते काय? एवढ्यावरून संशय घ्यावयाचा. तिसरी रीत ओळखीपाळखीची. जी फाईल लाखो लोकांनी उतरविली आहे ती साव. जी जगात पाच-पन्नास संगणकांवरच आहे आणि जिच्यावर कोणा कंपनीची सही नाही ती परकी, म्हणून संशयित. आता पाहा, घरी बनविलेली फाईल दुसऱ्या आणि तिसऱ्या कसोटीवर जवळजवळ नेहमीच अडखळणार. तिच्यात मॅक्रो आहे आणि तिला कोणी ओळखत नाही. गावात नवा आलेला मनुष्य रात्री कंदील घेऊन फिरला तर कुत्री भुंकणारच.

तरी कुत्र्यांना दोष देण्याची घाई करू नये. मॅक्रोचा संशय कोणी हौसेने काढलेला नाही. १९९५ साली वर्डच्या कागदपत्रांतून पसरणारा कन्सेप्ट नावाचा व्हायरस आला, १९९६ साली एक्सेलच्या पानांत लारू आला, आणि १९९९ च्या मार्चमध्ये मेलिसाने तर ईमेलला जोडलेल्या एका कागदपत्राच्या आडून जगभरातील कचेऱ्यांची टपालव्यवस्था कोंडून टाकली. त्यानंतरही खोट्या बिलांच्या आणि पावत्यांच्या वेषात असल्या फायली येतच राहिल्या. अखेर २०२२ साली मायक्रोसॉफ्टने असे ठरविले की इंटरनेटवरून आलेल्या फाईलमधील मॅक्रो मुळातच बंद ठेवावयाचे. यातून आमच्या तरुणाला पडलेले एक कोडे उलगडले. तीच फाईल पेनड्राइव्हवरून शेजारच्या मशीनवर नेली की बिनतक्रार चालत होती, आणि इंटरनेटवरून उतरविली की अडत होती. कारण उतरविलेल्या फाईलवर विंडोज "बाहेरून आलेली" असा शिक्का मारते. सामान्य पेनड्राइव्हवर तो शिक्का टिकत नाही. म्हणजे पेनड्राइव्हवरील फाईल अधिक शुद्ध असते असे मुळीच नाही. ती फक्त वेशीवर न थांबता आत येते.

येथे एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. व्हायरस पकडण्याची विद्या केवळ अमेरिकेतच आहे असे समजू नये. सातारा जिल्ह्यातील कैलास काटकर हे दहावीपर्यंत शिकून पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात लागले. पुढे त्यांनी स्वतःचे दुरुस्तीचे काम काढले, धाकटे बंधू संजय यांना संगणकाचे शिक्षण दिले, आणि दुरुस्तीस येणाऱ्या संगणकांतील व्हायरस काढता काढता क्विक हील हे अँटिव्हायरस १९९५ च्या सुमारास जन्मास आले. आपल्याच एका कारागिराच्या बाकावर तो पहारेकरी घडला.

पण पहारेकरी चुकतो. मोठमोठ्यांचाही चुकतो. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकाफी या विख्यात कंपनीने आपल्या अँटिव्हायरसास नव्या खुणांची यादी पाठविली. त्या यादीतील चुकीमुळे त्याने विंडोज एक्स्पीमधील एसव्हीसीहोस्ट नावाच्या, विंडोजच्याच अत्यावश्यक फाईलला व्हायरस समजून पकडले, आणि ठिकठिकाणचे संगणक पुनःपुन्हा बंद पडू लागले. रुग्णालयांची कामेसुद्धा खोळंबली. कंपनीने जाहीर माफी मागितली. घराच्या मुख्य खांबालाच जो चोर समजू शकतो, तो उद्यमबागेतील एका टर्नरच्या फाईलला चोर समजला तर नवल ते काय?

मग खरे-खोटे ठरवावे कसे? जुन्या करारातील दानिएलच्या ग्रंथाचा तेरावा अध्याय आपल्या कुटुंबांत वाचला जातो, म्हणून त्याची आठवण देतो. सुसान्नेवर दोघा वडीलधाऱ्यांनी आरोप केला, लोकसभेने तो मानला, आणि तिला मरणदंडासाठी नेत असता तरुण दानिएलने त्या दोघांना वेगवेगळे उभे करून एकच प्रश्न विचारला: कोणत्या झाडाखाली? एकाने एका झाडाचे नाव घेतले, दुसऱ्याने दुसऱ्याच. आज हेच काम व्हायरसटोटल नावाची एक सोय करते. २००४ साली ती स्पेनमध्ये सुरू झाली आणि २०१२ पासून गूगलकडे आहे. तेथे फाईल दिली की सत्तरच्या आसपास पहारेकरी तिची वेगवेगळी झडती घेतात. बहुतेकांनी ती निर्दोष ठरविली, एका-दोघांनीच बोट दाखविले, आणि तेही ठराविक व्हायरसाचे नाव न घेता "काहीतरी संशयास्पद" एवढेच म्हटले, तर तो बहुधा खोटा इशारा असतो. पुष्कळांनी एकाच नावाने दोषी म्हटले तर फाईल तत्काळ पुसून टाकावी. मात्र जी फाईल तेथे द्याल ती अनेक कंपन्यांच्या हाती पडते. तेव्हा पगारपत्रके, गिऱ्हाइकांचे दर किंवा घरचे कागद तेथे कधीही देऊ नयेत. आमच्या तरुणाच्या फाईलचा निकाल असा लागला की दोघांनी संशय घेतला, बाकी साऱ्यांनी ती निर्दोष ठरविली.

हे सारे ऐकून तो हर्षभरित झाला, आणि त्याने मला आपल्या फोनवरील एक संदेश दाखविला. तक्रारी येऊ लागल्यावर त्याने लोकांना लिहिले होते: "अँटिव्हायरस बंद करा आणि मग फाईल उघडा, काही होत नाही." येथे मात्र मी त्याला रागे भरलो. अरे, खरा चोरही नेमके हेच वाक्य लिहितो! तुझी फाईल निर्मळ असेल. पण तू चाळीस भोळ्या माणसांना पहारेकऱ्याला झोपविण्याची सवय लावलीस, आणि उद्या पाचवा मनुष्य कोणा ठगाच्या सांगण्यावरून तेच करील. त्याला हे पटावयास वेळ लागला. आपल्यावर अन्याय झाला आहे अशा वेळी आपलीही चूक दाखविली गेलेली कोणाला आवडते?

निपाणीच्या मिस्त्रींविषयीही दोन शब्द. त्यांनी इशारा दिला यात गैर काही नव्हते. शेजाऱ्याच्या घरास धूर दिसला तर ओरडावेच. परंतु "फाईलवर पाटी आली" आणि "याने व्हायरस घातला" या दोन वाक्यांत मोठे अंतर आहे. पुरेसा आधार नसताना दुसऱ्याचा दोष खरा मानणे यास ख्रिस्तसभेच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात अविचारी निवाडा म्हटले असून ते आठव्या आज्ञेखाली घातले आहे. यंत्राने केलेल्या आरोपासही हा नियम लागू पडावा असे मला वाटते. एक फोन केला असता तर पुढील गोष्ट टळली असती. मिस्त्रींचा फोन नंबर त्या तरुणाकडे होता, आणि तरुणाचा त्यांच्याकडेही.

पुढे त्याने काय केले ते थोडक्यात सांगतो. ज्या दोन कंपन्यांच्या पहारेकऱ्यांनी संशय घेतला होता त्यांना त्याने फाईल तपासणीसाठी पाठविली. खोट्या इशाऱ्याची तक्रार घेण्याची सोय बहुतेक कंपन्या ठेवतात आणि तिला पैसे पडत नाहीत. एकीने काही दिवसांत संशय मागे घेतला. दुसरीचे उत्तर येण्यापूर्वीच त्याने अधिक शहाणपणाचे काम केले: मॅक्रो पार काढून टाकला. कळ गेली, पण तीच उत्तरे साध्या सूत्रांनी काढता आली. आता फाईल एक्सएलएसएक्स या साध्या प्रकारात ठेवली आहे, ज्यात मॅक्रो राहूच शकत नाही; आणि एकाही कप्प्यास कुलूप घातलेले नाही. ज्याला शंका असेल त्याने कप्प्यावर बोट ठेवून सूत्र वाचावे. जुन्या मिस्त्रींनी मिटून घेतलेली वही त्याने अशी सताड उघडी ठेवली.

मालकाला मी भेटून आलो. चहा झाला, व्हायरसटोटलचा कागद त्यांनी चष्मा लावून पाहिला, आणि संगणकावरील बंदी उठली. आईला ही बातमी मिस्साहून परतताना मीच दिली.

गेल्या पंधरवड्यात निपाणीहून त्या तरुणाला फोन आला. तेच मिस्त्री होते. माफीचे शब्द त्यांना जमले नाहीत, आणि त्याने मागितलेही नाहीत. "भावा, २८ दात्यांचं उत्तर बरोबर आलं. पण ३७ ला तुझी शीट ३७ छिद्रांचं वर्तुळ सांगते. आमच्याकडे दोनच तबकड्या हायत, त्यात ते वर्तुळ न्हाई. आता काय करायचं?" असे त्यांनी विचारले. ३७ ही मूळ संख्या. ज्या तबकडीवर ते वर्तुळ आहे ती तिसरी तबकडी नसेल तर साध्या रीतीने हा गिअर कापता येतच नाही, आणि शीटने तसे स्पष्ट सांगावयास हवे होते. त्या रात्री आमच्या तरुणाने पानाच्या माथ्यावर एक नवा कप्पा घातला: आपल्याकडे कोणत्या तबकड्या आहेत? त्याखाली, ही त्रुटी निपाणीच्या मिस्त्रींनी दाखविली, अशी ओळही त्याने लिहिली आहे.