तारापूरचा कर, मोखाड्याचा रोजगार

बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत पगार झाला की पगारपत्रकावरचा शेवटचा आकडा आपण आधी पाहतो. वरच्या वजावटींच्या गर्दीत ‘व्यवसाय कर’ नावाची एक ओळ मुकाट्याने उभी असते. दरमहा 200 रुपये, फेब्रुवारीत मात्र 300. (फेब्रुवारीनेच काय घोडे मारले, असे कोणी विचारील. घटनेने या कराला वर्षाकाठी 2,500 रुपयांची मर्यादा घातली आहे. ती बारा महिन्यांत बसवण्याचा हा कारकुनी तोडगा!) प्राप्तिकरावर घरोघर वाद रंगतात, या 200 रुपयांची विचारपूस कोणी करीत नाही.

वस्तुतः या ओळीला मोठा इतिहास आहे. सांगली जिल्ह्यातले वि. स. पागे 1960 ते 1978 विधान परिषदेचे सभापती होते. काम मागणाऱ्याला सरकारने काम दिलेच पाहिजे, ही कल्पना त्यांची. तासगाव तालुक्यात ती अजमावून पाहिली गेली आणि 1972 साली राज्याने योजना स्वीकारली. पण पैसा कोठून आणायचा? शहरातल्या नोकरदाराकडून! 1975 साली व्यवसाय कराचा कायदा झाला, 1977 साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा एकमताने केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अंमलात आला. पंधरा दिवसांत काम नाही दिले तर बेकारभत्ता. तोही कायद्यातच लिहिलेला. शिवाय करातून जितके येईल तितकीच भर सरकारने आपल्या पदरची घालायची, अशी अट. शहराने खेड्यासाठी दिलेला कर, आणि त्याला सरकारची जोड! असा सौदा तोवर देशात कोणी केला नव्हता.

या सौद्याची दोन्ही टोके आज एकाच जिल्ह्यात आहेत. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला. त्याच्या एका अंगाला तारापूरची औद्योगिक वसाहत. पालघरहून मनोर, विक्रमगड करीत एस्टी घाट चढून जव्हार-मोखाड्याला पोचली की दुसरे अंग दिसते. भात आणि नागली निघाली की तिथे हाताला काम नाही. मग दिवाळी आटोपताच वारली, कातकरी कुटुंबे पोराबाळांसह भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांची वाट धरतात. मुलांची शाळा तुटते ती तेव्हा. गावातच बांधबंदिस्तीचे काम निघाले आणि मजुरी वेळेवर मिळाली, तर यातली बरीच घरे हलणार नाहीत.

आता खरी मेख. आपल्या पगारातला कर थेट हमी निधीत जात नाही. तो आधी राज्याच्या एकत्रित निधीत पडतो, आणि तिथून विधिमंडळाने अर्थसंकल्पात मंजुरी दिल्यावरच पुढे सरकतो. म्हणजे कायद्याने दिलेले वचन दरवर्षी एका आकड्याच्या दारात तिष्ठत उभे! कराची वसुली चोख होते. पण ती पुरतेपणी हमी निधीकडे वर्ग झाली नाही, यावर महालेखापरीक्षकांच्या अहवालांनी एकाहून अधिक वेळा बोट ठेवले आहे.

2005 साली केंद्राने महाराष्ट्राच्याच पावलावर पाऊल टाकून देशभर कायदा केला. पहिल्या शंभर दिवसांची मजुरी दिल्लीहून येऊ लागली आणि आपल्या निधीची निकड मुंबईत जरा विसरली गेली. ती सबब आता उरलेली नाही. 2025 च्या डिसेंबरात संसदेने त्या जागी नवा कायदा केला. त्यात दिवस 125 झाले, पण बहुतेक राज्यांना खर्चाचा चाळीस टक्के वाटा उचलावा लागणार आहे. तेव्हा आपला व्यवसाय कर कोठे मुरतो, हे विचारण्याची वेळ हीच.

विचारायचे कोणाला? दोन्ही सभागृहांच्या आमदारांची रोजगार हमी योजना समिती आहे. ती जिल्ह्याजिल्ह्यांत जाऊन कामे पाहते. महालेखापरीक्षकांचे अहवाल तपासायला लोकलेखा समिती आहे. आणि वाचकहो, बोईसरचा आमदार मत मागायला आपल्याच दारी येतो. त्याला दोनच आकडे विचारावेत: गेल्या वर्षी व्यवसाय कर किती जमला, आणि हमी निधीकडे किती गेला? अर्थसंकल्पाच्या पुस्तकांतून ते त्याला सहज काढता येतील.

मोखाड्यातल्या मजुराला तर याहून साधा कागद पुरतो. कामाची मागणी ‘नमुना 4’ वर लिहायची आणि तारखेची पोच घ्यायची. पंधरा दिवस मोजले जातात ते त्या पोचेपासून. पोच न देता तोंडी ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणून परत पाठवले, की दिवस मोजायला सुरुवातच होत नाही. आणि तोवर भट्टीवाल्याची उचल घरात येऊन पडलेली असते.