कॅमेरा घेताय? जरा थांबा!

मागच्या वर्षी आमच्या मेसचे मामा निवृत्त झाले. निरोपसमारंभ रात्री, मेसच्या हॉलमध्ये, ट्यूबलाइटच्या उजेडात. फोटोची जबाबदारी अस्मादिकांवर, कारण माझ्याकडे नुकताच घेतलेला सेकंडहँड कॉम्पॅक्ट कॅमेरा होता. चांगला १६ मेगापिक्सेलचा! मामा शाल घ्यायला वाकले, मी बटण दाबलं आणि फोटोत आला शालीचा नुसता ढग. फ्लॅश लांबवर पोचेना, आणि फ्लॅशशिवाय एकही फोटो धड नाही. शेवटी भिंतीवर लागला तो शेजारच्या रूममधल्या दोस्ताने काढलेला फोटो. त्याचा कॅमेरा निकॉन डी४०, २००६ सालचा, अवघ्या ६ मेगापिक्सेलचा!

असं का झालं? उत्तर सेन्सरमध्ये आहे. साध्या कॉम्पॅक्टचा सेन्सर साधारण ६.२ × ४.६ मिमी, म्हणजे करंगळीच्या नखाहूनही छोटा. सुरुवातीच्या डीएसएलआरचा जवळपास २३.५ × १५.६ मिमी. क्षेत्रफळ काढा: २८ विरुद्ध ३६६ चौ. मिमी, सुमारे १३ पट! पावसात वाटी ठेवली काय आणि परात ठेवली काय, फरक पडणारच. उजेड कमी मिळाला की कॉम्पॅक्ट शटर जास्त वेळ उघडं ठेवतो (माणूस हलला की फोटो हलला), नाहीतर आयएसओ वाढवतो (मग फोटोभर दाणे).

आणि मेगापिक्सेल? ४ × ६ इंची प्रिंटला ३०० डीपीआयने १२०० × १८०० पिक्सेल लागतात, म्हणजे जेमतेम २.२ मेगापिक्सेल. बाकीचे आपण दुकानदाराच्या आनंदासाठी घेतो.

म्हणून कॉम्पॅक्ट वाईट का? मुळीच नाही. ट्रेकला तो खिशात मावतो, दिवसाउजेडी झकास फोटो देतो. डीएसएलआर मात्र वजनामुळे कपाटातच राहायची भीती! शिवाय खर्च एकदाच होत नाही. सोबतची १८-५५ लेन्स झूम केल्यावर एफ/५.६ वर येते. ५० मिमी एफ/१.८ लेन्स त्याच्या नऊ-दहा पट उजेड घेते. पण जपून, डी४० सारख्या बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यामुळे मोटर नसलेली जुनी लेन्स लावली तर फोकस हातानेच करावा लागतो.

कंपन्या आता मिररलेसकडे वळल्यात, त्यामुळे आपल्या बजेटमध्ये हे दोन्ही प्रकार बहुतेक सेकंडहँडच मिळतात. घेताना लेन्समधून उजेडाकडे बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. आपल्या पावसाळ्यात ती हमखास धरते, म्हणून डब्यात सिलिका जेल ठेवा. बॅटरी आणि कार्ड अजून मिळतं का, तेही विचारा. आणि दुकानातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात, फ्लॅश बंद करून, हलणाऱ्या मित्राचा एक फोटो काढून बघाच.

थोडक्यात काय, तर "किती मेगापिक्सेल?" असं विचारू नका, "मी फोटो कुठे आणि कधी काढणार?" असं स्वतःला विचारा. ट्रेक आणि सहली असतील तर कॉम्पॅक्ट. गॅदरिंग, नाटक, रात्रीचे कार्यक्रम असतील तर डीएसएलआर.

मामा गावी गेले. तो क्षण काही पुन्हा येणार नाही. तुमचा तरी निसटू नये, एवढ्यासाठीच हा खटाटोप!