थरथरत्या हातांचं यंत्रशास्त्र

१० जुलै १९४४. इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीची एक सेक्शन जर्मन मशीनगनच्या तोंडी सापडली. सगळे धारातीर्थी पडले किंवा जखमी झाले, धड उभे राहिले ते एकटे नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातले. त्यांनी हातबॉम्ब टाकून मशीनगन बंद पाडली, टॉमीगनने एकाला टिपलं आणि उरलेल्या दोघांवर तीच बंदूक नळीकडून धरून तुटून पडले. ते ठाणं त्यांनी एकट्याने घेतलं आणि तिथेच शत्रूच्या गोळ्यांनी त्यांचा अंत झाला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात दस्त्याने लढण्याचं कारण अगदी कोरडेपणाने नोंदलं आहे: मॅगझीन बदलायला वेळ नव्हता.

सरावाच्या मैदानावर मॅगझीन बदलणं हे काही सेकंदांचं काम. पण जीव मुठीत असताना शरीर वेगळंच वागतं. छाती धडधडते, नजर समोरच्या धोक्यावर खिळते आणि बोटांतलं बारीक काम आधी जातं. ढकलणं, ओढणं, आदळणं तेवढं जमतं, पण चिमटीत धरून नेमकं बसवणं जमत नाही. गेल्या दीडशे वर्षांतल्या रायफली शेजारीशेजारी मांडल्या तर दिसतं, की ही बोटं कारखान्यात बसलेल्या कुणीतरी पुन्हापुन्हा डोळ्यांसमोर आणलेली आहेत.

सुरुवातीची युक्ती सरळ होती: नळीखाली दुसरी नळी, तिच्यात एकामागे एक काडतुसं. १८७७ मध्ये प्लेव्हनाच्या वेढ्यात तुर्कांनी अशा विंचेस्टर रायफलींनी जवळ आलेल्या रशियनांची दाणादाण उडवली आणि युरोपातली लष्करं खडबडून जागी झाली. फ्रेंचांनी १८८६ च्या लेबेल रायफलीत हीच रचना घेतली, आठ काडतुसांची. अडचण अशी, की नळीत एका गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकतं आणि तिथेच तर ठिणगी पाडणारी टोपी असते. म्हणून लेबेलच्या काडतुसाच्या बुडाला गोल खाच पाडली, मागच्या गोळीचं टोक अडकून राहावं एवढ्यासाठी! उपाय हुशारीचा, पण आठही काडतुसं एकेक करून आत ढकलायची ती ढकलायचीच. नळी रिकामी झाली की लेबेलवाला जवळजवळ एकबारी बंदुकीवर येई.

१ जुलै १८९८ रोजी क्यूबात सान हुआन टेकडीवर दोन विचार समोरासमोर आले. अमेरिकेच्या नियमित पलटणींकडे क्रॅग रायफल होती. तिच्या कुशीत एक झडप, ती उघडायची, पाच काडतुसं सुटी टाकायची, बंद करायची. रायफल झाडायला तयार ठेवूनच तिच्यात भर घालता येई आणि हा गुण मला अजूनही मोलाचा वाटतो. पण स्पॅनिश सैनिकांच्या माउझरला पाचही काडतुसं पत्र्याच्या एका पट्टीत ओवलेली मिळत. पट्टी खाचेत उभी करायची, अंगठ्याने दाबायचं, पाचही खाली. बोल्ट पुढे सारला की रिकामी पट्टी आपोआप उडते. टेकडी अमेरिकनांनी घेतली खरी, पण धडा माउझरने दिला. पाच वर्षांत त्यांनी स्वतःची नवी स्प्रिंगफील्ड माउझरच्या वळणावर बनवली आणि माउझरला स्वामित्वधनही मोजलं.

या पट्टीला, म्हणजे चार्जरला, जवळून बघावं. काडतुसं ओळीत लावण्याचं किचकट काम युद्धाच्या किती आधी, शांतपणे, कुणा दुसऱ्याच्या हातांनी उरकलेलं असतं. घाबरलेल्या माणसाच्या वाट्याला उरतो फक्त अंगठ्याचा रेटा. आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर पिढ्यान् पिढ्या दिसलेली थ्री नॉट थ्री, म्हणजे ली-एन्फील्ड, हीच पद्धत वापरते. पेटीत दहा काडतुसं, म्हणजे दोन चार्जर. पण .३०३ च्या काडतुसाला खोड आहे. त्याच्या बुडाला खिळ्याच्या डोक्यासारखी बाहेर आलेली कडा असते. वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या कडेमागे बसली, की बोल्ट वरचं पुढे रेटताना खालचंही ओढू पाहतो आणि सगळं अडतं. उपाय चार्जरमध्येच दडलाय. पाच काडतुसांच्या कडा आळीपाळीने एक खाली, एक वर अशा बसवलेल्या असतात, त्यामुळे चार्जर कोणत्याही बाजूने घातला तरी चालतो. उलटं की सुलटं, हा प्रश्नच सैनिकासमोर येत नाही. पहिल्या महायुद्धाआधी ब्रिटिश शिपायाकडून मिनिटाला पंधरा नेमबार, तीनशे यार्डांवर, अशी अपेक्षा असे. पेटीत दहाच, म्हणजे पुन्हा भरण्याचा वेळही त्या मिनिटातच धरलेला.

रशियनांनी त्याच कडेच्या दुखण्यावर मोसिन-नागांत रायफलीत वेगळा इलाज केला: आत एक छोटी पाती, जी वरचं काडतूस जाईपर्यंत खालच्याला दाबून धरतो.

गंमत म्हणजे, काढता-घालता येणारी पेटी जेम्स पॅरिस ली यांनी १८७९ मध्येच पेटंट केली होती. ब्रिटिश लष्कराने ती घेतली आणि हरवेल म्हणून साखळीने रायफलीला बांधून टाकली. वर एक सरकती पट्टीही बसवली, जी पेटी बंद ठेवी. शिपायाने एकेक काडतूस हाताने भरावं, पेटी अडीअडचणीला राखावी! लष्करी हिशेबनीसांचा शिपायावर भरवसा किती होता, हे त्या साखळीवरून कळतं.

ऑस्ट्रियाच्या मानलिखरने तर पट्टीच काडतुसांसकट आत घातली. शेवटचं काडतूस वर गेलं की पट्टी खालच्या भोकातून गळून पडे. झटपट काम, पण त्याच भोकातून खंदकातला चिखल आत शिरे. अमेरिकेच्या गॅरंडने, जी १९३६ मध्ये सैन्यात आली, पट्टी वरच्या बाजूने उडवून भोकच नाहीसं केलं. आठ काडतुसांच्या या पट्टीलाही उलटसुलट नाही. मात्र तीन गोळ्या झाडून वर तीन भरायच्या, हे तिच्यात सहज होत नाही. शिवाय बेसावध अंगठा आत राहिला, तर बोल्ट तो चेचतो.

पुढे स्वयंचलित बंदुका आल्या आणि हाताची परीक्षा स्प्रिंगने द्यायची वेळ आली. कलाश्निकोव्ह मिनिटाला सुमारे सहाशेच्या वेगाने झाडते, म्हणजे एका फेऱ्याला सेकंदाचा दहावा भाग. तेवढ्यात बोल्ट मागे जाऊन परततो आणि त्याच्या आत पुढचं काडतूस तोंडाशी हजर हवं. भरलेल्या मॅगझीनमध्ये तीस काडतुसांचं जवळजवळ अर्धा किलो ओझं उचलायचं असतं आणि घर्षणही सगळ्यात जास्त तेव्हाच. शेवटच्या काडतुसाला ओझं नाही, पण तोवर स्प्रिंग सैलावलेली. या दोन्ही टोकांना चालेल अशी एकच स्प्रिंग बनवणं, हे मला रायफलीतलं सगळ्यात कमी कौतुक झालेलं काम वाटतं. सैनिकांनी आपला तोडगा काढला: ब्रेन मशीनगनच्या तीसच्या मॅगझीनमध्ये अठ्ठावीस भरायची, व्हिएतनाममध्ये अमेरिकी एम-१६ रायफलीच्या वीसमध्ये अठरा. कलाश्निकोव्हचं मॅगझीन वाकडं असतं ते काडतूस निमुळतं म्हणून. तशी काडतुसं एकावर एक रचली की रास आपोआप वळते. एम-१६ चं तीसचं मॅगझीन बंदुकीत शिरतं तिथे सरळ आणि खाली वळलेलं, त्यामुळे काडतुसांना तोलणारा तळाचा तुकडा आत तिरका होई. न झुकणारा तुकडा अमेरिकी सैन्याने २००९ मध्ये आणला.

एक इच्छा मात्र सगळ्यांनाच होती: किती उरली ते दिसावं. फ्रेंचांनी १९१५ च्या शोशा मशीनगनच्या मॅगझीनला त्यासाठी एका बाजूला खिडक्या ठेवल्या आणि खंदकातल्या चिखलाला दारच उघडून दिलं. आपल्या इन्सास रायफलीला याच हौसेने अर्धपारदर्शक प्लॅस्टिकचं मॅगझीन दिलं. कारगिलच्या थंडीत ते तडकल्याच्या तक्रारी आल्या. कलाश्निकोव्हच्या पोलादी पेटीतून काहीच दिसत नाही. म्हणून जुने सैनिक मॅगझीन भरताना तळाशी दोन-तीन प्रकाशरेघ सोडणारी काडतुसं घालतात. रेघ दिसली, की पेटी संपत आली. काहींना ही युक्ती मुळीच पसंत नसते, कारण तीच रेघ समोरच्यालाही दिसते.