घडीची करवत आणि झाडीपट्टीचं लाकूड

चेनसॉचा जन्म झाला तो बाळंतिणीच्या खोलीत. 18व्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधले जॉन एटकन आणि जेम्स जेफ्री हे दोन डॉक्टर हाड आणि कूर्चा कापायला दातेरी साखळी वापरू लागले. दोन टोकांना दोन मुठी, मधे साखळी, हातानेच ओढायची. अडलेल्या बाळंतपणात वाट मोकळी करणं हे तिचं एक मुख्य काम. पुढे 1890च्या दशकात फ्लॉरेन्सच्या लिओनार्डो जिग्ली यांनी त्याच कामासाठी दातेरी तार आणली. ती नंतर कवटी उघडायलाही वापरली गेली. कॅम्पिंगच्या दुकानात काडेपेटीत मावणारी, दोन कड्यांची जी तारेची करवत मिळते ती याच जिग्लीच्या तारेची वंशज.

वजन जेमतेम काही ग्रॅम, म्हणून ती घ्यायचा मोह होतो. तो आवरावा. दोन्ही हातांनी ओढताना तार लाकडावर फार वळते, तापते, आणि भर कामात तुटते. शिवाय झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या भंडाऱ्याच्या रानात गाठ पडते ती धावड्याच्या कडक लाकडाशी.

धावड्याचं वाळलेलं लाकूड घनमीटरला 900 किलोच्या आसपास भरतं, साग साधारण 650. कुऱ्हाडीच्या दांड्याला धावडा लावतात तो उगाच नाही. साग त्या मानाने मऊ, पण त्याच्या लाकडात सिलिका असते, म्हणजे वाळूतलंच द्रव्य. त्यामुळे साग कापताना जोर कमी लागतो, पण दातांची धार लवकर जाते. बांबूच्या सालीतही हीच सिलिका. म्हणून करवत घेताना पाकिटावरचं पाइन वृक्षाचं चित्र विसरून जावं आणि आपल्या बांधावर काय उभं आहे ते आठवावं: बाभूळ, बांबू, साग, पळस.

ओढा, ढकलू नका

प्राचीन इजिप्तच्या सुतारांकडे तांब्याच्या करवती होत्या. तांबं मऊ, ढकललं की पातं वाकणार. म्हणून त्यांच्या करवती ओढताना कापायच्या. जपानी करवत आजही तशीच कापते. दोरी ओढता येते, ढकलता येत नाही, तसंच पातळ पात्याचं आहे. ओढताना ते ताणलं जाऊन सरळ राहतं, ढकलताना पोटातून वाकतं. ढकलून कापणाऱ्या करवतीचं पातं जाड ठेवावं लागतं किंवा पाठीवर धातूची पट्टी चढवावी लागते. नाजूक सांधे कापणाऱ्या उत्तम करवतींना ही पट्टी पितळेची असते, हे पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या भंडाऱ्याने जरूर लक्षात ठेवावं.

पातं पातळ म्हणजे चीर अरुंद, भुसा कमी आणि दमणूकही कमी. म्हणूनच घडीच्या बहुतेक चांगल्या करवती ओढीच्या असतात. जपानच्या ओनो शहरातली, 1919 सालापासून करवती करणारी सिल्की कंपनी या प्रकारासाठी जगभर ओळखली जाते. तिची पॉकेटबॉय फक्त 130 मिलिमीटर पात्याची, गॉमबॉय 240 मिलिमीटरची. स्वीडिश परंपरेची बाहको लॅपलँडर 190 मिलिमीटरची. तिचं वजन साधारण 200 ग्रॅम आणि ती दोन्ही दिशांनी कापते. लुधियानाच्या फाल्कनसारख्या भारतीय कंपन्यांच्या घडीच्या छाटणी करवतीही बागकामाच्या दुकानात मिळतात. परदेशी करवत हजारांत जाते, देशी काहीशे रुपयांत येते. वर्षातून दोन-तीन मुक्काम करणाऱ्याला देशी पुरेशी आहे, हे मी ठामपणे सांगेन. फक्त दुकानात उघडून खटका तपासावा: पातं उघडल्यावर मुठीत जराही हलता कामा नये. खटका सुटून पातं बोटांवर मिटलं तर दवाखाना कित्येक किलोमीटर दूर असतो.

लांबीचा हिशोब सोपा आहे. ज्या जाडीचं लाकूड कापायचं, त्याच्या निदान दुप्पट लांबीचं पातं हवं, नाहीतर हात पुढे-मागे न्यायला जागाच उरत नाही. भात शिजवायला आणि चहाला मनगटाएवढं जळतण खूप झालं. त्याहून बारीक वाळकं लाकूड गुडघ्यावर मोडतं. म्हणजे 170 ते 200 मिलिमीटरमध्ये काम भागतं आणि मिटलेली करवत सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात बसते.

दातांची टोकं निळसर-काळी दिसली तर समजावं की ती विजेने क्षणार्धात तापवून कडक केली आहेत. असे दात फार दिवस टिकतात, पण बोथट झाले की आठवडी बाजारातला धार लावणाराही हात टेकतो, कारण कानस त्यांच्यावरून नुसती घसरते. अशी करवत घेताना पातं वेगळं बदलून मिळतं का, एवढं विचारावं.

मानवेल आणि कटांग

आता बांबू. भंडाऱ्यात करवतीचं खरं काम इथेच.

धातू कापणाऱ्यांचा जुना नियम आहे: कापायच्या जाडीत एका वेळी निदान तीन दात बसले पाहिजेत, नाहीतर दात अडकतो आणि पातं हिसका देतं. घडीच्या करवतीला इंचाला सात दात असतील तर तीन दातांची जागा होते जवळपास 11 मिलिमीटर. बांबूची भिंत त्याहून पातळ असली की करवत उड्या मारते आणि टोकाला झिलप्या निघतात. आपल्या झाडीपट्टीचं सुदैव असं की इथल्या रानातला मानवेल बांबू बऱ्याचदा जवळपास भरीव असतो. लाठ्या त्याच्याच करतात. त्याला जाड दातांची करवतही चालते. काटेरी, पोकळ कटांग बांबूची भिंत जिथे पातळ असेल तिथे मात्र बारीक दातच हवेत. जपानमध्ये तर बांबूसाठी वेगळीच, बारीक दातांची करवत करतात.

झिलप्या टाळायचा उपाय फुकट आहे. आधी बांबू फिरवत सगळीकडून फक्त साल चिरून घ्यायची, मग आरपार कापायचं. पेर कुठे कापावं यालाही अर्थ आहे. पेला करायचा तर गाठीच्या जरा खाली, म्हणजे गाठच पेल्याचा तळ होते. उभ्या बेटातून काठी काढायची तर जमिनीजवळच्या गाठीच्या लगेच वर, म्हणजे उरलेल्या बुडख्यात पाणी साचून तो कुजत नाही. पावसाळ्यात तर बेटाला हातच लावू नये, कारण तेव्हा वास्ते, म्हणजे नवे कोंब, फुटत असतात.

आणि बांबू शेकोटीत टाकण्याआधी प्रत्येक पेराला चीर द्यायलाच हवी. बंद पेरातली हवा आणि ओल तापून फुगते आणि पेर बंदुकीच्या बारासारखं फुटतं. चीनमध्ये बारूद येण्याआधी फटाके म्हणून बांबूच जाळत. तिथे तो सण होता. तंबूशेजारी तोच बार निखारे अंगावर उडवतो.

2017 साली भारतीय वन अधिनियमातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला. त्यामुळे जंगलाबाहेर, स्वतःच्या बांधावर लावलेला बांबू कापणं शेतकऱ्याला सोपं झालं. मुक्काम ओळखीच्या शेतात असेल तर मालकाला विचारून एक वाळकी काठी मिळते, आणि करवतीचा खरा उपयोग तिथेच होतो. शिवनीबांधसारख्या जुन्या तलावांच्या काठच्या, कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या या पाण्याच्या मुलखात धानाच्या बांध्या जागोजाग आहेत आणि बांधावर बाभळी. कापणी झाल्यावर, डिसेंबर-जानेवारीत, रात्रीच्या मुक्कामाला यापेक्षा चांगली जागा मी तरी सुचवणार नाही.

फाटकाच्या आत करवत नाही

कोका, नागझिरा आणि पवनीकडचं उमरेड-कऱ्हांडला, या तिन्ही अभयारण्यांची नावं घेतली की कॅम्पिंगवाल्यांचे डोळे चमकतात. 1999 पर्यंत नागझिरा पूर्ण भंडारा जिल्ह्यातच होतं. त्या वर्षी 1 मे रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. लेखक व्यंकटेश माडगूळकरांनी ज्या मुक्कामावरून 'नागझिरा' हे पुस्तक लिहिलं, तो मुक्काम तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यातलाच. आज साकोलीकडून पिटेझरीच्या फाटकातून आत जाता येतं, पण करवत बाहेर ठेवूनच जावं.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 चं कलम 29 अभयारण्यातल्या कोणत्याही वन्यजीवाला, म्हणजे वनस्पतींनाही, आणि त्यांच्या निवाऱ्याला परवान्याशिवाय धक्का लावू देत नाही. कलम 30 धोका होईल अशी आग पेटवायला किंवा पेटती सोडायला मनाई करतं. कलम 31 लेखी परवानगीशिवाय शस्त्र आत नेऊ देत नाही, आणि कायद्याच्या व्याख्येत चाकूपासून प्राण्याला इजा करू शकणाऱ्या कोणत्याही साधनापर्यंत सगळं शस्त्रातच मोडतं. अभयारण्याबाहेरच्या राखीव जंगलातही सुटका नाही: 1927च्या वन अधिनियमाचं कलम 26 तोड आणि आग दोन्ही रोखतं, आणि कलम 52 प्रमाणे गुन्ह्यात वापरलेली हत्यारं आणि वाहनं जप्त होऊ शकतात. करवतीपाठोपाठ मोटारसायकलही गेली तर नवल नाही. महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून धरतात. त्या काळात तर शेतातली शेकोटीसुद्धा टाळलेली बरी.

कायदा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट मनाला लागते. उभं वाळलेलं झाड आपल्याला सरपण दिसतं, पण त्यात माणसं सोडून सगळ्यांची घरं असतात. सुतार पक्षी ढोली कोरतो, तो उठला की तिथे पिंगळा येतो. राखी धनेशाची मादी ढोलीत स्वतःला चिणून घेते आणि नर फटीतून तिला भरवतो. त्या खोडाच्या बुंध्याला वाळवी लागते आणि वाळवी उकरायला अस्वल येतं. खाली पडलेल्या फांद्यांवरही हक्क सांगणारं कोणीतरी असतं: जंगलाकाठच्या गावांतल्या बाया डोक्यावर मोळी आणतात ती याच काटक्यांची. त्यांची चूल रोज पेटायची असते, आपली एक रात्र. म्हणून अर्धं पोतं जळतण गावातूनच विकत घ्यावं. करवत लागते ती त्याचे ओंडके चुलीएवढे करायला.

डिंक, राळ, गंज

बाभूळ आणि धावड्याचा डिंक पाण्यात विरघळतो. पात्याला लागला तर ओल्या फडक्याने पुसला की निघतो. सालईचा चीक राळेचा आहे, पाण्याला दाद देत नाही, त्याला रॉकेलचं बोट लागतं. पुसल्यावर पातं कोरडं करून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. खोबरेलही चालतं, पण साकोली-लाखनीच्या थंडीत ते बाटलीतच थिजतं. लाकडी मूठ असेल तर जवसाचं तेल: ते हवेत सुकून कवच धरतं. धानानंतर बांधीत जवस पेरणाऱ्या जिल्ह्यात ते शोधायला लांब जावं लागत नाही.

ही झाली निगा, आता कापायची पद्धत. ओली फांदी कापताना दात भुशाने भरतात, म्हणून तिला मोठे, मोकळे दात. वाळक्या, कडक लाकडाला बारीक. एकच घ्यायची तर मधले. एका टोकाला लटकणारी फांदी आधी खालून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत चिरावी, मग वरून. नाहीतर साल सोलत खोडापर्यंत जाते. दोन्ही टोकांना टेकलेला ओंडका उलट: वरून थोडी चीर, बाकी खालून, म्हणजे पातं चिमटत नाही. सुरुवातीचे दोन-तीन ओढे सावकाश, आणि धरलेल्या हातात हातमोजा. विमानाने येणाऱ्यांनी करवत सामानाच्या मोठ्या बॅगेतच ठेवावी.

अळीकडून घेतलेला दात

सुरुवातीला आलेल्या चेनसॉची उरलेली गोष्ट अशी. 1946 साली अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात जो कॉक्स नावाचे लाकूडतोडे कुजक्या बुंध्यात एका भुंग्याची अळी पाहत बसले होते. अळी लाकडाच्या रेषांना जुमानत नव्हती. तिचे वाकडे जबडे डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा असे लाकूड सोलत पुढे जात होते. कॉक्स यांनी तोच आकार चेनसॉच्या दातांना दिला आणि पुढच्याच वर्षी कंपनी काढली. आजही बहुतेक चेनसॉच्या साखळ्या त्याच घराण्यातल्या आहेत.

पातेल्यातलं पातं

घडीच्या करवतीने जमत नाही असं एक काम उरतं: वीतभर जाडीचा ओंडका. त्यासाठी अमेरिकेतल्या डुलुथ गावची घडीची त्रिकोणी स्वेन सॉ आणि कॅनडाची बोरियल 21 अशा मोठ्या घडीच्या करवती निघाल्या. त्या छान आहेत, पण झाडीपट्टीत त्यांची सांगाडीसकट खरेदी मला अनाठायी वाटते, कारण सांगाडी इथे बांधावर उगवते. कमानी करवतीचं 21 किंवा 24 इंची नुसतं पातं घ्यावं, सावकाश गोल गुंडाळून दोरीने घट्ट बांधावं आणि स्वयंपाकाच्या पातेल्यात ठेवावं. मुक्कामावर मालकाला विचारून मानवेलाची पातं पुरून हातभर उरेल एवढी काठी घ्यावी, कमान वाकवावी, दोन्ही टोकांना करवतीनेच चीर पाडून पात्याची टोकं तिच्यात बसवावीत आणि भोकांतून खिळे घालावेत. काठीची ओढच पातं ताणून धरते. चीर पुढे फाटत जाऊ नये म्हणून तिच्या मागे सुतळीचे सात-आठ वेढे घट्ट द्यावेत. काम झालं की काठी मालकाच्या कुंपणाला लावावी, आणि पात्याच्या दातांवर उभी चिरलेली जुन्या सायकलची ट्यूब चढवून ते पुन्हा पातेल्यात.