सूर्य मधोमध नाही

पाठ्यपुस्तकातल्या चित्रात पृथ्वीची कक्षा चांगलीच दबलेली दिसते. तेवढी ती दबलेली नाही. लंबवर्तुळाचं मर्म चपटेपणापेक्षा सूर्याच्या ओढीची जागा कुठे आहे, यात जास्त आहे.

दोन टाचण्या, एक दोरा

पुठ्ठ्यावर दोन टाचण्या टोचा, त्यांच्याभोवती दोऱ्याचं सैल वेटोळं टाका आणि पेन्सिलीने ते ताणून धरत फिरवा. उमटेल ते लंबवर्तुळ. टाचण्यांच्या जागा म्हणजे त्याच्या नाभी. कडेवरच्या कोणत्याही बिंदूपासून दोन्ही नाभींच्या अंतरांची बेरीज तेवढीच भरते.

केप्लरचा अर्धा मिलिमीटर

मंगळाची कक्षा कागदावर १० सेंटिमीटर त्रिज्येची काढली, तर सूर्य एका नाभीत, म्हणजे मध्यापासून सुमारे ९ मिलिमीटर बाजूला येतो. मात्र कक्षेची आखूड बाजू जेमतेम अर्धा मिलिमीटर आत येते, म्हणजे पेन्सिलीच्या रेघेएवढी. वर्तुळाचा मध्य बाजूला धरण्याची युक्ती जुन्या ज्योतिर्विदांकडेही होती. आपल्या सिद्धांतग्रंथांतलं मंदफल, म्हणजे ग्रहाच्या सरासरी जागेत करायची दुरुस्ती, हे त्याच जातीचं गणित. योहानेस केप्लरने पकडला तो हा अर्धा मिलिमीटर. खगोलनिरीक्षक टायको ब्राहेच्या नोंदी दुर्बिणीच्या आधीच्या, तरी इतक्या काटेकोर की वर्तुळावर बेतलेल्या गणितातली ८ कलांची तफावत केप्लरला सोडवेना. ८ कला म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा साधारण पाव भाग! १६०९ मध्ये त्याने मंगळाची लंबवर्तुळाकार कक्षा छापून जाहीर केली.

ओढ कुठून?

दोरीला टांगलेला दगड बाजूला घेऊन हलकासा तिरका झोका दिला, तर तोही जवळपास लंबवर्तुळातच फिरतो. पण त्याची ओढ केंद्राकडे असते आणि अंतराबरोबर वाढते. म्हणून एका फेरीत तो दोनदा जवळ येतो, दोनदा लांब जातो. ग्रह एकदाच जवळ येतो, एकदाच लांब जातो, कारण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटणारी ओढ नाभीत बसलेली असते. न्यूटनने १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त या दोन्ही गोष्टी सिद्ध केल्या.

खरोखर लांबट कक्षा हवी असेल तर मंगळयानाची पाहावी. २४ सप्टेंबर २०१४ रोजी ते मंगळाभोवती पोहोचलं, तेव्हा पृष्ठभागापासून जवळचं अंतर सुमारे ४२२ किलोमीटर होतं आणि लांबचं जवळजवळ ७७,०००. कक्षा इतकी लांबट ठेवल्याने वेग कमी करायला इंधन थोडं लागलं.

धोंड्याचा महिना थंडीत का येत नाही?

जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून १४.७१ कोटी किलोमीटरवर असते, जुलैच्या सुरुवातीला १५.२१ कोटींवर. (ऋतू या फरकामुळे होत नाहीत, ते आस कललेला असल्यामुळे होतात.) जवळ असताना ती वेगाने धावते. दिनदर्शिकेत मोजून पाहा: मार्चच्या विषुवदिनापासून सप्टेंबरच्या विषुवदिनापर्यंत सुमारे १८६ दिवस, उरलेल्या अर्ध्यात १७९.

त्यामुळे पृथ्वीवरून पाहता सूर्य मिथुन राशीत ३१ दिवसांहून जास्त रेंगाळतो, तर धनू राशी साडेएकोणतीस दिवसांच्या आत ओलांडतो. चांद्रमास सरासरी २९.५३ दिवसांचा. दोन संक्रांतींच्या (सूर्याच्या राशीप्रवेशांच्या) मध्ये अख्खा चांद्रमास मावला, तर तो अधिक, म्हणजेच धोंड्याचा महिना. असा महिना लांब सौरमासांत सहज मावतो: २०१८ मध्ये ज्येष्ठ, २०२० मध्ये आश्विन, २०२३ मध्ये श्रावण. जावयाचे अनारसे बहुधा उन्हाळ्यात नाहीतर पावसाळ्यातच तळले जातात, त्याचं कारण हे. उलट एकाच चांद्रमासात दोन संक्रांती सापडल्या की क्षयमास होतो. तो फार क्वचित, आणि आला तर थंडीतच.