सकाळी ठीक, संध्याकाळी पापणी जड?



संध्याकाळच्या बैठकीत वहीतले आकडे दोन-दोन दिसतात. आरे-वारेच्या वळणावर समोरून एकच गाडी येते, पण दिसतात दोन. एक पापणी जड होऊन खाली येते. सकाळी उठलं की सगळं ठीक! मग घरातले म्हणतात, ‘काम जास्त झालं’, ‘चष्म्याचा नंबर वाढला’, नाहीतर ‘नजर लागली’. असं वारंवार होत असेल तर अंगावर काढू नका. हा मायस्थेनिया ग्रेव्हिस नावाचा आजार असू शकतो.

यात होतं काय? मेंदूचा निरोप नसेतून स्नायूला मिळतो. रोगांशी लढणारी आपलीच ताकद चुकून निरोप घेणाऱ्या त्या जागांवर हल्ला करते. मग स्नायू वापरला की थकतो, विश्रांती मिळाली की सावरतो. निम्म्याहून जास्त रुग्णांत सुरुवात डोळ्यांपासून होते. तरुण वयात तो बायकांना जास्त होतो. एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

काही खुणा चमत्कारिक वाटतात:
- आज एक पापणी पडते, काही दिवसांनी दुसरी.
- पडलेली पापणी बोटाने उचलली की दुसरी खाली येते.
- एक डोळा झाकला की दोनाचं एक दिसतं.
- डोळे घट्ट मिटत नाहीत, तोंड धुताना साबण आत जातो.

अमिताभ बच्चन यांनाही १९८४ मध्ये हाच आजार झाला होता. उपचारानंतर ते पुन्हा कामाला लागले. म्हणून घाबरू नका. सकाळी आणि संध्याकाळी मोबाईलवर चेहऱ्याचा फोटो काढा आणि तो घेऊन रत्नागिरीच्या सिव्हिलमध्ये डॉक्टरांना दाखवा. गोळ्या सुरू झाल्या की मनाने बंद करू नका. दुसऱ्या दुखण्यासाठी औषध घेतानाही हा आजार सांगा. काही अँटिबायोटिकने त्रास वाढतो.

पण पुढच्या वेळी थांबू नका, लगेच १०८ ला फोन करा:
- घास गिळता येत नाही, आवाज नाकातून येतो, दम लागतो.
- अचानक तोंड वाकडं होतं, हातपाय लुळा पडतो. हा पक्षाघात असू शकतो.
- रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पापण्या पहाटे पडू लागतात. मण्यार चावलेली असू शकते. तिच्या दाताची खूण बऱ्याचदा दिसतही नाही.

ताई, पुढच्या बैठकीत हे वाचून दाखवा. शेजारी बसलेल्या एखादीची पापणी तुम्हालाच आधी दिसेल.